बातमीतला पूर्वज

मराठी कुटुंबांच्या इतिहासाची बहुतेक साधने ही मानसन्मानाची साधने आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या यजमानाचे नाव, गाव आणि पिढ्या उतरवलेल्या असतात. इनामाच्या सनदांत आणि वतनाच्या कागदांत हक्क नमूद असतात. आणि घराण्याघराण्यांनी छापलेल्या कुलवृत्तान्तांत, म्हणजे एका कुळातील सर्व शाखांची वंशावळ व माहिती एकत्र करणाऱ्या ग्रंथांत, शिक्षण, नोकऱ्या, दानधर्म आणि सोयरिकी यांची नोंद असते. ज्याच्यावर चोरीचा आळ आला, ज्याला तुरुंगवास घडला किंवा ज्याची काळ्या पाण्यावर रवानगी झाली, असा माणूस या साधनांत बहुधा आढळत नाही. आढळलाच तर ‘परागंदा झाला’ किंवा ‘देशांतरास गेला’ एवढ्यावर त्याची नोंद संपते. वंशवेलीतील अशा खुंटलेल्या फांदीचा शोध घेण्यासाठी अभ्यासकाला दोनच मोठे साठे उपलब्ध असतात, एक सरकारी दप्तराचा आणि दुसरा जुन्या वर्तमानपत्रांचा. त्यांपैकी दुसरा साठा सामान्य वाचकाच्या अधिक आटोक्यातला आहे आणि अधिक फसवाही आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय तोच आहे.

या ग्रंथामागची भूमिका आरंभीच स्पष्ट करणे योग्य होईल. वर्तमानपत्र हा मुख्यतः आरोपाचा दस्तऐवज आहे. अटक झाली, झडती झाली, मुद्देमाल सापडला, म्हणजे चोरीचा वा गुन्ह्यात वापरलेला ऐवज हस्तगत झाला, की त्याची बातमी होते; परंतु पुढे काही महिन्यांनी अपिलात तीच व्यक्ती निर्दोष सुटली, तर ती वार्ता पुष्कळदा छापलीच जात नाही. त्यामुळे जुन्या अंकात पूर्वजाचे नाव सापडणे हा शोधाचा आरंभ असतो आणि वंशजाने त्याला शेवट मानले, तर तो त्या काळच्या पोलिसांचे म्हणणे आपल्या घरच्या इतिहासात निकाल म्हणून लिहून ठेवतो. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या पत्राने, कोणाच्या सांगण्यावरून आणि निकालाच्या आधी की नंतर ही बातमी दिली, हे चार प्रश्न प्रत्येक कात्रणाला विचारले पाहिजेत.

साठ्याचा विस्तार प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. ‘बॉम्बे टाइम्स’ हे इंग्रजी पत्र ३ नोव्हेंबर १८३८ रोजी मुंबईत निघाले आणि १८६१ मध्ये त्याचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. त्याचे प्रारंभापासूनचे अंक आता संगणकावर शब्दशोध करता येतील अशा स्वरूपात उपलब्ध असल्याने मुंबई शहरातील पूर्वजाचा माग काढणारा बहुतेक वेळा तेथूनच सुरुवात करतो. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले, भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ १८४१ मध्ये, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरात, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये पुण्यात, ‘इंदुप्रकाश’ १८६२ मध्ये मुंबईत, ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये आणि ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी. यांखेरीज जिल्ह्याच्या गावांतून निघालेली अनेक लहान साप्ताहिके होती, आणि खेड्यातल्या गुन्ह्याची नोंद मोठ्या पत्रापेक्षा अशा साप्ताहिकातच सापडण्याचा संभव अधिक असतो. त्यांचे अंक मात्र विखुरलेले आहेत. मुंबई व ठाणे येथील मराठी ग्रंथसंग्रहालये, पुणे नगर वाचन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, एशियाटिक सोसायटी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील शतकभर जुनी नगर वाचनालये यांच्या कपाटांत ते शोधावे लागतात, आणि पाने इतकी जीर्ण झालेली असतात की कित्येकदा घडीवरच्या ओळी कायमच्या गेलेल्या असतात.

मराठी अंकांत संगणकीय शब्दशोध अजून फारसा विश्वसनीय नाही, आणि त्याची कारणे मुद्रणाच्या इतिहासात आहेत. आरंभीच्या काळात पुष्कळसा मजकूर शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर हाताने लिहून छापला जाई. पुढे खिळे आले तरी जोडाक्षरे एकाखाली एक रचण्याची पद्धत होती आणि झिजलेल्या खिळ्यांमुळे ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांतला भेद पानावर उरत नसे. लेखनाचे नियमही वेगळे होते. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने नवे नियम ठरवण्यापूर्वी ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’, ‘त्यानें’ असे अनुस्वारयुक्त लेखन सर्वत्र रूढ होते, त्यामुळे आजच्या लेखनानुसार टंकलेला शब्द जुन्या मजकुराशी जुळत नाही. म्हणून मराठी पत्रांच्या बाबतीत पान उलटून वाचण्याला आजही पर्याय नाही, आणि तसे वाचायचे तर आधी तारीख शक्य तितकी नेमकी करावी लागते. अंकावर बहुधा इसवी सनाबरोबर शकही दिलेला असतो. शकात चैत्रापासून पौषाच्या सुमारापर्यंत ७८ आणि पुढे वर्षअखेरपर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. मजकुरात मात्र ‘गेल्या बुधवारी’ एवढेच लिहिलेले असते आणि बातमी बाहेरगावच्या पत्रव्यवहारावरून घेतलेली असेल, तर तो बुधवार अंकाच्या तारखेच्या दोन आठवडे आधीचाही असू शकतो.

तारखेनंतर नावाचा प्रश्न येतो आणि तो सर्वांत कठीण आहे. एकोणिसाव्या शतकातील न्यायालयांत आडनाव लावण्याची सक्ती नव्हती. आरोपीची ओळख त्याचे नाव, बापाचे नाव, जात, वय आणि राहण्याचे गाव यांनी पटवली जाई. ‘रामा बिन बाळा’ म्हणजे बाळाचा मुलगा रामा. मुसलमानांत, तसेच काही भागांत हिंदूंतही, ‘बिन’ऐवजी ‘वलद’ हा शब्द येई. आणि ‘सखू कोम राणू’ म्हणजे राणूची बायको सखू. ज्या घराण्याने पुढे आडनाव धारण केले, त्याच्या वंशजाने आडनाव घेऊन कितीही शोध केला, तरी हा रामा त्याला सापडणार नाही. त्याने खापरपणजोबाच्या बापाचे नाव आधी ठाऊक करून घेतले पाहिजे. इंग्रजी पत्रांत अडचण आणखी वाढते, कारण नावे कानाला जशी लागली तशी लिहिली जात. ठाण्याचे ‘टान्ना’, रत्नागिरीचे ‘रुत्नागेरी’, लक्ष्मणाचे ‘लक्सुमन’ होई, आणि एकाच खटल्याच्या दोन दिवसांच्या वृत्तांतांत एकाच माणसाचे नाव दोन तऱ्हांनी छापलेले दिसे. आरोपी मराठीत बोले, दुभाषी त्याचे इंग्रजी करी, बातमीदार ते आपल्या शब्दांत मांडी आणि पुष्कळदा मराठी पत्र त्या इंग्रजी बातमीचे पुन्हा मराठी करी. अशा तीन भाषांतरांतून आलेले नाव व कबुलीजबाब मूळ माणसाच्या तोंडचा म्हणून स्वीकारताना सावध राहणे भाग आहे.

पुष्कळ बातम्यांत नावच नसते. गाव, जात, गुन्हा, मॅजिस्ट्रेट आणि शिक्षा इतका ऐवज असलेल्या चार ओळींच्या बातमीत आरोपी ‘एक कुणबी’ किंवा ‘एक रामोशी’ असतो, मात्र सावकाराचे नाव पूर्ण छापलेले असते. हा केवळ जागेच्या काटकसरीचा परिणाम नव्हता. कोणाचे नाव वाचकाला कळण्याजोगे आहे, याविषयी त्या पत्राचा आणि त्याच्या वर्गणीदारांचा एक समज होता. त्यामुळे एखाद्या कुटुंबाचा पूर्वज वर्तमानपत्रांत सापडतो की नाही, हे त्याच्या गुन्ह्यापेक्षा पुष्कळदा त्याच्या सामाजिक स्थानावर अवलंबून असते.

बातमीतील गुन्ह्याचे नाव वाचताना त्या वेळचा कायदा शेजारी ठेवावा लागतो. १ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंडसंहिता अमलात आली आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले. त्यापूर्वी मुंबई शहरात सर्वोच्च न्यायालयातून इंग्लंडचा फौजदारी कायदा चाले, तर मुफसलात, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांत, एल्फिन्स्टनच्या काळातील १८२७ च्या रेग्युलेशनांनुसार शिक्षा होत. म्हणून १८५० मधील पुण्याच्या आरोपीला दंडसंहितेचे कलम चिकटवणे चुकीचे ठरते. १८६२ नंतरच्या बातम्यांत कलमाचा आकडा बहुधा दिलेला असतो व तो बातमीतल्या विशेषणांपेक्षा अधिक बोलका असतो. ‘दरोडा’ हा शब्द आज ऐकताना सशस्त्र टोळी डोळ्यांपुढे येते. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली वा करू पाहिलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, आणि दुष्काळात धान्याची गाडी अडवणारे पाच भुकेले शेतकरीही त्या व्याख्येत बसत. शिक्षेची भाषाही समजून घ्यावी लागते. ‘सक्तमजुरी’ आणि ‘साधी कैद’ यांत श्रमाचा भेद होता. १८६४ च्या कायद्याने चोरीसारख्या गुन्ह्यांना फटक्यांची शिक्षा देता येई. आणि ‘जन्मठेप’ म्हणजे तेव्हा आजच्यासारखा तुरुंगवास नसून समुद्रापार रवानगी होती.

काही शिक्षांमागे तर गुन्हा शाबीत झालेलाच नसे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात, ज्यावरून ‘चॅप्टर केस’ हा शब्दप्रयोग मराठीत आजही टिकून आहे, संशयित माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्याची तरतूद होती. जामीन मिळाला नाही तर तो मनुष्य तुरुंगात जाई. जामीन राहण्याइतकी ऐपत असलेला ओळखीचा माणूस नसणे हेच अशा कैदेचे खरे कारण असे, परंतु बातमीत ‘नामांकित चोरास एक वर्ष कैद’ अशा धर्तीचा मथळा शोभून दिसे. १८७८ च्या वन कायद्याने सरपण आणणे व गुरे चारणे, त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडी काढणे आणि १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले साठवणे, अशा रोजच्या व्यवहारांना नियमभंगाचे रूप आले. ठाणे-कुलाब्याच्या डोंगरपट्ट्यातील अनेक कुटुंबांचा ‘गुन्हेगार’ पूर्वज या वर्गातला असतो.

याहून कठोर उदाहरण गुन्हेगार जमाती कायद्याचे आहे. १८७१ मध्ये उत्तर भारतात लागू झालेला हा कायदा १९११ च्या सुधारित रूपाने मुंबई इलाख्यातही आला. जाहीर केलेल्या जमातीत जन्मलेल्या माणसाची नोंदणी करून त्याला हजेरी लावायला भाग पाडणे आणि तारेच्या कुंपणाआड वसवणे, हे त्याचे स्वरूप होते. सोलापूरची वसाहत ‘सेटलमेंट’ या नावाने अजून लोकांच्या तोंडी आहे. या काळातील वर्तमानपत्रांत पारधी, कैकाडी, भामटा ही जातींची नावे जणू गुन्ह्यांचीच नावे असल्यासारखी छापलेली आढळतात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या दिवसापासून या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या; तरीही लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ या आत्मकथनांनी तो शिक्का पुसला गेला नसल्याची साक्ष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिली. अशा समाजातील संशोधकाच्या हाती पूर्वजाच्या अटकेचे कात्रण आले, तर त्या कात्रणात पूर्वजाच्या कृतीपेक्षा त्या राजवटीच्या कृतीचा पुरावा अधिक असतो.

काळ बदलला की एकाच नोंदीचा अर्थ कसा पालटतो, हे पुरंदरच्या उमाजी नाईकांच्या उदाहरणात दिसते. १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी ज्या कॅप्टन मॅकिन्टॉशने त्यांच्यावर व रामोशांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या लेखी ते दरोडेखोरांचे नायक होते. आज महाराष्ट्रात त्यांची जयंती आद्यक्रांतिवीर म्हणून साजरी होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि नंतर गावकऱ्यांवर खटला भरला गेला. त्या खटल्यातील आरोपीच्या नातवंडांना कात्रण सापडल्यास ती ते चौकटीत बसवून भिंतीवर लावतील. वर सांगितलेल्या १८७८ च्याच वन कायद्याच्या परंपरेत, चिरनेरच्या आधी पन्नास वर्षे, एकट्याने लाकूड तोडून शिक्षा भोगलेल्याच्या नातवंडांना मात्र तेच कात्रण लपवावेसे वाटते. या दोन कात्रणांतला फरक कायद्याने केलेला नाही.

निकालाचा शेवटपर्यंत माग का काढावा लागतो, हे सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्यावरून स्पष्ट होते. १८८१ मध्ये या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल सुरतेच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. वर्तमानपत्रांतून विधवांच्या वर्तनावर इतकी आगपाखड झाली की त्या लिखाणाच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिला व तो १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. अपिलात फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा ठरली आणि पुढे तीही पाच वर्षांवर आली. पहिल्या आठवड्याच्या अंकावर थांबणारा वाचक या स्त्रीला फासावर गेलेली समजेल. तिसऱ्या निकालापर्यंत पोचणाऱ्यालाच तिचे पुढले आयुष्य असल्याचे कळेल. खुद्द संपादकांच्याही नावापुढे तुरुंगवास आहे: कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले व आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. हा कारावास त्यांच्या चरित्राचा भाग म्हणून सर्वांना ठाऊक आहे, याचे कारण त्यांच्या हाती लेखणी व छापखाना होता.

समुद्रापार गेलेल्यांचा शोध देशाबाहेरही न्यावा लागतो. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल व मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला पाठवले गेले. पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर येथेही हिंदी कैद्यांच्या वसाहती होत्या, आणि सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल अशा कैद्यांच्याच श्रमातून उभे राहिले. अंदमानची वसाहत मार्च १८५८ मध्ये दोनशे कैद्यांनिशी सुरू झाली. सेल्युलर जेल त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९०६ मध्ये, पूर्ण झाला. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तेथील जुनी पत्रे शोधण्याजोग्या स्वरूपात खुली केली असल्याने तिकडे वारलेल्या वा सुटलेल्या कैद्याचा मागमूस कधी कधी तेथे लागतो. ऑस्ट्रेलियात १७८८ ते १८६८ दरम्यान ब्रिटनमधून सुमारे १,६२,००० कैदी नेले गेले आणि तेथील कुटुंबांनी हा वारसा दीर्घकाळ लपवला. आज राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या खुल्या संग्रहातून लोक तोच वारसा हौसेने शोधतात. महाराष्ट्रात ही मोकळीक आलेली नाही, कारण येथे एका माणसाचा गुन्हा त्याच्या जातीच्या खाती मांडण्याची सवय अजून गेलेली नाही.

वर्तमानपत्रातून मिळालेला धागा सरकारी कागदांशी जोडल्याशिवाय शोध पुरा होत नाही. मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात न्याय विभागाची जुनी बाडे आहेत. त्यांत दयेचे अर्ज आणि शिक्षा कमी केल्याचे आदेश मिळतात, आणि देशी भाषेतील कागद मोडीत असल्यामुळे मोडी वाचकाची मदत लागते. १८७६ पासून छापल्या जाणाऱ्या ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालिकेत उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या महत्त्वाच्या अपिलांचे निवाडे आहेत. सरकारने देशी पत्रांवर पाळत ठेवण्यासाठी तयार करवलेली गोपनीय साप्ताहिक सारपत्रेही उपयोगी पडतात, विशेषतः मूळ अंक नष्ट झाला असेल तेव्हा. परंतु सरकारचे लक्ष राजकीय मतांवर असल्यामुळे ज्या खटल्यावर गाजावाजा झाला तेवढेच खटले त्यांत येतात.

अशा शोधात दुसरी बाजूही असते. ज्याच्या घरी चोरी झाली किंवा ज्याचा खून झाला, त्याचेही वंशज त्याच तालुक्यात नांदत असतात, आणि एका घराची उत्सुकता दुसऱ्या घराची जखम उघडी करू शकते. पूर्वजाला निरपराध ठरवण्याच्या हौसेत फिर्यादीला खोटे पाडणे हेही पूर्वजाला बातमीवरून दोषी मानण्याइतकेच उतावीळपणाचे आहे. काही पूर्वजांनी खरोखर क्रूर कृत्ये केली, साक्षीपुराव्यांतून ती शाबीत झाली आणि अपिलातही कायम राहिली. तेथे वंशजाने ती तशीच लिहावीत, कारण त्यांचा दोष त्याच्याकडे वारशाने येत नाही.

या ग्रंथाच्या वाचकाला म्हणून एकच विनंती आहे. वंशवेलीत अशा पूर्वजाच्या नावापुढे ‘गुन्हेगार’ हा शब्द लिहू नये. आरोपाचे कलम, अंकाची तारीख आणि अखेरचा निकाल एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात, आणि तिसरी मिळाली नसेल तर ‘निकाल सापडला नाही’ असे स्पष्ट लिहून पुढच्या पिढीसाठी ती जागा मोकळी ठेवावी.